‘मैं दम गया’ कुणाला कळतं? थकव्याची हिंदी, कोकणातल्या माणसासाठी

१६ एप्रिल २०२५ला पहिलीपासून हिंदी सक्तीची करणारा शासन निर्णय आला. २९ जूनला तो आणि त्यानंतरचा सुधारित निर्णय, दोन्ही मागे घेतले गेले. त्या वादात कोण बरोबर, हा या लेखाचा विषय नाही. शाळेत काहीही ठरो, कोकणात हिंदी रोज बोलली जातेच आहे. देवगडच्या कलमांच्या बागेत नेपाळी राखणदाराशी, मिरकरवाड्याच्या ट्रॉलरवर बाहेरच्या खलाशाशी, मुंबई-गोवा महामार्गाच्या कामावर आलेल्या झारखंडच्या पोराशी. भाव, पत्ता, हिशेब इथवर आपली हिंदी खणखणीत चालते. शरीराचा विषय निघाला की ती अडखळते. ‘दोन दिवस गळून गेल्यासारखं वाटतंय’ हे सांगायला गेलेला माणूस ‘मैं दो दिन से गल गया’ म्हणतो, आणि हिंदीत गलते ती डाळ.

अडचण दोन्ही बाजूंनी आहे. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग, दोन्ही जिल्ह्यांत आता सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. देशभर सरकारी महाविद्यालयांतल्या एमबीबीएसच्या १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून भरतात. त्यामुळे नाडी धरणारं पोर लखनौचं किंवा जयपूरचं असू शकतं आणि समोर बसलेली आजी कुडाळच्या पलीकडच्या वाडीतली. ते मराठी शिकेपर्यंत मधली भाषा हिंदीच असते. म्हणून थकव्याची हिंदी नीट समजून घेऊ.

कुठला थकवा, ते आधी ठरवा

मासळी बाजारात जाऊन कुणी नुसतं ‘मासे द्या’ म्हणत नाही. बांगडा की सौंदाळा ते सांगावं लागतं. थकव्याचं तसंच आहे. मराठीत ‘दमलो’ हा एक शब्द बरंच काही भागवून नेतो, कारण समोरचा आपला चेहरा आणि घरची परिस्थिती जाणून असतो. परक्या भाषेत ती सोय नाही.

कष्टाने आलेला तो ‘थकना’. नांगरणी झाली, पेट्या उचलल्या, जाळं ओढलं, की ‘थक गया’. आजारपणानंतर किंवा पोटात अन्न नसल्याने येतो तो अशक्तपणा, त्याला ‘कमज़ोरी’. (रेल्वेच्या कडेच्या भिंतींवर या शब्दाच्या ज्या जाहिराती दिसतात, त्यांना घाबरून हा शब्द टाळू नये. दवाखान्यात तो साधाच आहे.) झोपेचा असेल तर ‘नींद आ रही है’, आणि पेंग येत असेल तर ‘झपकी’. कशेडी घाटाआधी गाडी बाजूला घेणाऱ्या ट्रकवाल्याकडून हा शब्द ऐकाल. ‘आँख लग गई’ म्हणजे डोळा लागला, हे तर जसंच्या तसं आपलंच. चढ चढून धाप लागली असेल तर ‘साँस फूल गई’. अंग मोडून आलं असेल तर ‘बदन टूट रहा है’, आणि अंगात बारीक कणकण असेल तर ‘हरारत’. मनाचा थकवा उरला. तो सगळ्यात अवघड, त्याच्याकडे शेवटी येऊ.

एवढी वाटणी डोक्यात बसली की अर्धं काम झालं. व्याकरण चुकलं तरी ‘कमज़ोरी’ आणि ‘साँस’ हे दोन शब्द योग्य जागी पडले, तर डॉक्टर योग्य दिशेने विचार करायला लागतो.

‘मी दमलो’ची हिंदी ‘मैं थका’ का होत नाही

मराठीत ‘मी दमलो’ हे पूर्ण वाक्य आहे. हिंदीत ‘मैं थका’ एवढंच म्हटलं, तर ऐकणारा पुढच्या शब्दाची वाट बघत राहतो. तिथे ‘थक गया’ लागतं. याला संयुक्त क्रियापद म्हणतात: दोन क्रियापदं जोडीने येतात, अर्थ पहिल्यात असतो आणि दुसरं नुसता रंग भरतं. ‘गया’ इथे कुठेही जात नाही.

हा प्रकार आपल्याकडेही आहे, पण त्याचं वजन वेगळं आहे. मराठीत ‘दमून गेलो’ म्हणजे पार दमलो. हिंदीत ‘थक गया’ म्हणजे नुसताच दमलो, रोजचा, साधा. म्हणून आपण ‘थक गया’ म्हणतो तेव्हा आपल्या मनात जेवढा जोर असतो तेवढा समोर पोचत नाही. पार गळाठलो हे सांगायचं तर ‘बुरी तरह थक गया’, ‘थककर चूर हो गया’ किंवा ‘निढाल हो गया’ असं म्हणावं लागतं. आणखी एक गंमत: नकारात हा ‘गया’ गळून पडतो. ‘मैं नहीं थका’ बरोबर, ‘मैं नहीं थक गया’ चूक.

आता काळ बघा, कारण दवाखान्यात सगळं त्यावर ठरतं. ‘थक गया हूँ’ म्हणजे आत्ता दमलोय. ऐकणारा म्हणेल, बसा, पाणी प्या. ‘थका हुआ हूँ’ म्हणजे दमलेल्या अवस्थेत आहे. ‘थक जाता हूँ’ म्हणजे दमतो, नेहमी दमतो. ‘थकने लगा हूँ’ म्हणजे हल्ली दमायला लागलोय, पूर्वी असं नव्हतं. आणि ‘थका-थका लगता है’ म्हणजे काही न करताही दमल्यासारखं वाटतं.

शेवटच्या तिन्हींवर डॉक्टरचे कान टवकारतात, कारण त्यामागे रक्तातलं लोह कमी असणं, मधुमेह, थायरॉईड, हृदयाचा त्रास असं काहीही असू शकतं. महिनोन्महिने पुरणारा थकवा घेऊन गेलेल्या बाईने ‘मैं थक गई’ म्हटलं, तर तिने तिचा आजार एका दिवसाच्या कामाएवढा करून सांगितला असं होतं. तिने म्हणायला हवं ‘मैं जल्दी थक जाती हूँ’.

त्याहून चांगलं म्हणजे पूर्वी आणि आता यांची तुलना करून सांगावं: ‘पहले चढ़ाई बिना रुके चढ़ जाती थी, अब दो बार बैठना पड़ता है।’ या एका वाक्यातून डॉक्टरला जे मिळतं ते दहा विशेषणांतून मिळत नाही. कोकणात चढण नसलेली वाडी शोधावी लागेल, तेव्हा हे माप प्रत्येकाच्या दारात आहे. मग तपासणी होऊन ‘खून की कमी’ असं ऐकायला मिळालं तर दचकू नका. खुनाखुनीचा संबंध नाही, रक्त कमी आहे एवढंच.

मैं, मुझे आणि हम

थकना क्रिया आहे, तिथे ‘मैं’. थकान, कमज़ोरी, नींद या येणाऱ्या-होणाऱ्या गोष्टी आहेत, तिथे ‘मुझे’. ‘मला झोप येते’ तसं ‘मुझे नींद आती है’. इथे मराठी माणसाला नवीन काही शिकायचं नाही. मुंबईहून आलेला चाकरमानी ‘मेरे को’ म्हणेल. व्याकरणाचा मास्तर नाक मुरडेल, पण अर्थ पोचतो, आणि माझ्या मते अंग तापलेलं असताना ‘मुझे’साठी थांबून राहण्यात काही अर्थ नाही. फक्त ‘मैंने थक गया’ तेवढं नको. ‘ने’ लागतो तो थकवणाऱ्याला: ‘इस चढ़ाई ने थका दिया’.

लिंगाचा घोळ मात्र होतो. आपला थकवा आणि अशक्तपणा पुल्लिंगी. हिंदीतली थकान, कमज़ोरी, साँस, नींद सगळ्या स्त्रीलिंगी. उलट चक्कर आपल्याकडे ‘आली’, तिकडे ‘आया’. मालवणी बोलणाऱ्यांना आणखी एक अडचण: तिथे बाई आणि बाप्या दोघेही ‘मी दमलंय’ म्हणून मोकळे होतात, हिंदीत ‘गया’ की ‘गई’ हे निवडावंच लागतं.

ऐकताना सगळ्यात जास्त फसवतो तो ‘हम’. उत्तर प्रदेश आणि बिहारकडचा माणूस एकट्याबद्दल बोलतानाही ‘हम’ म्हणतो. ‘हमको चक्कर आ रहा है’ म्हणजे सगळ्या टोळीला चक्कर येत नाहीये, त्या एकट्यालाच येतेय. बाईसुद्धा ‘हम थक गए’ म्हणेल, तेव्हा ती ‘गई’ का म्हणाली नाही असा विचार करत बसू नका.

सारखे दिसणारे, पण आपले नसलेले शब्द

दोन्ही भाषांची लिपी एक, बरेचसे शब्द एका घरचे, आणि फसगत नेमकी तिथेच होते. अजिबात न कळणारा शब्द आला की आपण विचारतो तरी. कळल्यासारखा वाटणारा शब्द आला की मान हलवून पुढे जातो.

‘ग्लानी’ घ्या. आपल्याकडे तापात माणूस ग्लानीत जातो, म्हणजे अर्धवट शुद्धीत असतो. हिंदीत ‘ग्लानि’ म्हणजे मनाला लागलेली टोचणी, पश्चात्ताप. ‘बाबा को ग्लानि आ गई’ असं ऐकून लखनौचा डॉक्टर बाबांनी काय पाप केलं असेल याचा विचार करील. म्हणायचं असतं ‘बेहोशी-सी है’ किंवा ‘बुलाने पर ठीक से जवाब नहीं देते’. दुसरं वाक्य जास्त चांगलं, कारण ते कुणालाही कळतं.

‘हैराण’ म्हणजे आपल्याकडे जेरीस आलेला. हिंदीतला ‘हैरान’ आश्चर्यचकित झालेला असतो. ‘बुखार से हैरान हूँ’ म्हटलंत तर तुम्हाला तापाचं नवल वाटतंय असा अर्थ होईल. तिथे ‘परेशान’. ‘ताप’चंही तेच, हिंदीत तो ‘बुखार’, ‘ताप’ म्हणजे नुसती उष्णता. ‘अंग’ म्हणजे त्यांच्याकडे एखादा अवयव, सगळं अंग दुखत असेल तर ‘बदन’ किंवा ‘शरीर’. ‘हाथ-पैर फूल गए’ ऐकलं तर सूज बघायला जाऊ नका. त्याचा अर्थ तो भांबावला, त्याला काही सुचेना. सुजेला ‘सूजन’.

‘दम’ तर तऱ्हेवाईक आहे. आपला दम लागतो. हिंदीत ‘दम लगाओ’ म्हणजे जोर लावा, आणि टपरीवर त्याचा अर्थ झुरका मारा असाही होतो. ‘दम लेना’ म्हणजे क्षणभर विसावणं, ‘दम घुटना’ म्हणजे जीव गुदमरणं, ‘दम निकल गया’ म्हणजे पार दमलो, आणि ‘दमा’ हा रोग. ‘मैं दम गया’ या वाक्याला मात्र हिंदीत कुठेच घर नाही.

सगळ्यात धोक्याचा शब्द ‘घबराहट’. आपल्याला वाटतं माणूस घाबरलाय, म्हणून आपण त्याला धीर देत बसतो, ‘डरो मत’ म्हणतो. पण ‘घबराहट हो रही है’ किंवा ‘जी घबरा रहा है’ याचा अर्थ बहुतेक वेळा शारीरिक असतो: छातीत धडधड, जीव कासावीस, मळमळल्यासारखं. मराठीत ‘जीव घाबरा होतो’ म्हणतात तो हा अर्थ. घामाघूम झालेला माणूस असं म्हणत असेल तर धीर देऊन भागणार नाही, गाडी काढावी लागेल.

उन्हात काम करणाऱ्याला काय विचारायचं

घामावरून आठवलं. आपला ‘घाम’ हिंदीत ‘पसीना’. पण अवधी, भोजपुरी आणि नेपाळीत ‘घाम’ म्हणजे ऊन. ‘घाम बहुत है’ म्हणणारा कामगार आपला शर्ट भिजल्याचं सांगत नाही, ऊन सोसवत नाही असं सांगतो.

हा फरक एप्रिल-मेमध्ये जिवावरचा ठरू शकतो. आंब्याचा हंगाम आणि कडक ऊन एकाच वेळी येतात. हवामान खातं किनारपट्टीवर उष्णतेची लाट जाहीर करताना ३७ अंशांपासून विचार करतं, मैदानी भागात ४०पासून. किनाऱ्यावरची हवा दमट. घाम वाळला तरच शरीर थंड होतं आणि दमट हवेत तो वाळत नाही, नुसता गळतो. त्यात उत्तरेकडून आलेल्या माणसाच्या डोक्यात उन्हाचा धोका म्हणजे ‘लू’, कोरडा भाजणारा वारा. तो इथे वाहत नाही, त्यामुळे त्याला आपण सुरक्षित आहोत असं वाटणं साहजिक आहे. ‘यहाँ लू नहीं चलती, फिर भी लू लग सकती है’ हे त्याला सांगायला हवं.

आणि विचारायचं काय? ‘थक गया क्या?’ हा प्रश्न बागमालकाच्या तोंडून टोमण्यासारखा लागतो. रोजावरचा माणूस त्याला ‘नहीं, नहीं’ म्हणेल आणि झेला उचलून पुढच्या कलमाकडे जाईल. त्यापेक्षा नेमकं विचारा: ‘चक्कर तो नहीं आ रहा?’, ‘जी मिचला रहा है?’, ‘सिर भारी है?’, ‘पिंडलियों में ऐंठन है?’ जी मिचलाना म्हणजे मळमळणं, पिंडली म्हणजे पोटरी, ऐंठन म्हणजे गोळा येणं. यातल्या कशालाही ‘हाँ’ आलं तर सावली, पाणी आणि विश्रांती: ‘छाँव में बैठो, थोड़ा सुस्ता लो।’ सुस्ताना म्हणजे विसावा घेणं. त्यात आळशीपणाचा आरोप नाही. तो असंबद्ध बोलायला लागला, किंवा अंग तापून शुद्ध हरपत चालली, तर तो थकवा राहिलेला नाही. उष्माघात समजून १०८ला फोन करायचा आणि गाडी येईपर्यंत अंगावर पाणी मारत राहायचं.

पिंडली हा शब्द पावसाळ्यातही उपयोगी पडतो. भातशेतीच्या चिखलात काम केलेल्या माणसाला ताप आला आणि ‘पिंडलियों में बहुत दर्द है’ असं तो म्हणाला, तर लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या आजाराची) शंका घेऊन लगेच दवाखाना गाठावा. लावणीने सगळ्यांचेच पाय दुखतात, म्हणून हे दुखणं थकव्यात जमा होतं आणि मौल्यवान दिवस जातात.

‘आमची हिंदी चालते की!’

चालते, खरंच चालते. पण बाजारात गैरसमज झाला तर दहा रुपये जातात, दवाखान्यात झाला तर जिवावर बेतू शकतं. शिवाय एक चूक आपल्या लक्षातच येत नाही. आपलं ‘तुम्ही’ आदराचं, म्हणून आपण डॉक्टरला, म्हाताऱ्या माणसाला बिनधास्त ‘तुम’ म्हणतो. हिंदीत तो बरोबरीच्या किंवा धाकट्या माणसाचा शब्द आहे. ‘दमला असाल, बसा’ याची हिंदी ‘थक गए होंगे, बैठिए’. तिथे ‘थक गए होगे, बैठो’ आलं की पाहुणचारातली माया उतरते.

‘त्यांनी मराठी शिकावी, आपण का?’

शिकावीच. इथे वर्षानुवर्षं राहणाऱ्याने मराठी शिकावी असं मलाही वाटतं, आणि कित्येक राखणदार उत्तम मालवणी बोलतातही. पण कामावर येऊन आठवडा झालेला पोरगा चक्कर येऊन कलमाखाली बसला असेल, तेव्हा हा मुद्दा काढायची वेळ नसते.

यातच एक उपप्रश्न दडलेला आहे: समोरचा नेपाळी असेल तर हिंदी त्याची तरी कुठे आहे? नाहीच. तो ‘थकाइ लाग्यो’चं ‘थकाई लगा’ करतो, आपण ‘थकवा आला’चं ‘थकवा आया’ करतो, आणि मध्ये कुठेतरी दोघांची गाठ पडते. अशा वेळी ‘हरारत’, ‘निढाल’ हे शब्द विसरा. तीन साधे प्रश्न पुरतात: कहाँ दर्द है, कब से है, खाया-पिया क्या. बाकी हाताने दाखवायचं.

आणि कंटाळा?

याची सरळ हिंदी नाही, कारण आपण या एका शब्दात तीन-चार वेगळ्या गोष्टी कोंबतो. करायला काही नाही म्हणून आलेला कंटाळा ‘ऊब’ किंवा बोलताना ‘बोर हो रहा हूँ’. उठून काम करायचा कंटाळा असेल तर ‘आलस आ रहा है’ किंवा ‘मन नहीं कर रहा’. रोज तीच कटकट सोसून आलेला कंटाळा म्हणजे ‘तंग आ गया हूँ’. सांगून सांगून दमलो ते ‘समझा-समझाकर थक गया’.

चौथा प्रकार नाजूक आहे. कशातच मन लागत नाही, माणसं नकोशी, जेवण नकोसं, झोप नीट नाही. घरापासून लांब, होडीवर किंवा बागेतल्या खोपटात महिनेच्या महिने काढणाऱ्याला हे होऊ शकतं, आणि आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसालाही. हिंदीत तो म्हणेल ‘मन नहीं लगता’, ‘जी नहीं करता’, किंवा नुसतंच ‘थक गया हूँ, भाई’. दिवसभर काही काम न केलेला माणूस असं म्हणाला, तर कशाने थकला असं विचारण्यापेक्षा ‘घर पे बात हुई?’ असं विचारावं. बोलता बोलता ‘जीने का मन नहीं करता’ असं वाक्य आलं तर त्याला एकटं सोडू नये. केंद्र सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे आणि तिथे हिंदीत आणि मराठीतही बोलता येतं.